आबांना ‘तुम्ही’

चार वर्षांच्या पोरीला वळण लावणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं प्रज्ञाचं मत होतं. सोमवारी ती कॉलेजच्या ग्रंथालयात रुजू होणार होती. मितूला सांभाळायला शिरपूरकडच्या गावाहून सासरे, यादवआबा, जळगावला येणार होते. आबा टिकले तर नोकरी टिकणार!

आणि मितू फोनवर काय म्हणाली? “ए आबा, तू कवय येशी?” चक्क ‘तू कधी येशील’! तेही शेजारच्या रूपासमोर! रूपा हसली. प्रज्ञाला रात्रभर झोप नाही. सासऱ्यांना वाटेल, सून शिकलेली, पण पोर रानटी! तिने चार दिवस मितूची तालीमच घेतली.

शनिवारी सकाळी आबा शेंगांची पिशवी घेऊन दारात उभे. मितूने हात जोडले. “आबा, जय भीम. तुम्ही बसा. आपण पाणी घेणार का?”

आबांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

“ओ माय, मी तुना आबा शे. माले वळखत नही का?”

“ओळखते ना. तुम्ही आमचे आबा आहात.”

प्रज्ञा अभिमानाने फुलली. आबांचा चेहरा मात्र दवाखान्यात नंबर लावल्यासारखा झाला. ते दाराजवळच्या खुर्चीत टेकले. पिशवीही मांडीवरून उतरवेनात. प्रज्ञाला वाटलं, मान कमी पडला! तिने खूण केली. मितू म्हणाली, “आबा, आपण जेवावं.”

आबा न जेवता गॅलरीत गेले आणि बहिणीला फोन लावला. “भागा, पोरगी माले तुम्ही म्हनस! मी काय तलाठी शे का? सूनले मी जड व्हयनू वाटस.”

भागाआत्याने लगेच आबांच्या मुलाला, प्रशीलला, ऑफिसात फोनवर गाठलं. प्रशीलने बायकोला.

“आबांना काय बोललीस?”

“काही नाही! मान दिला!”

“अगं, आमच्याकडे घरातला माणूस परका करायचा असला, की त्याला तुम्ही म्हणतात! भाऊ-भाऊ वेगळे झाले की सुरू होतं हे. नातवंडांनी तर आजोबाला तूच म्हणायचं!”

फोन ठेवून प्रज्ञाने मितूला स्वयंपाकघरात ओढलं. “आबांना तू म्हण. बिस्किट देते.”

“नको. मोठ्यांना तू म्हणणारी मुलं रानटी असतात.”

“आता नसतात!”

“असतात! तूच सांगितलं.”

बाहेर आबा चपला घालत होते. प्रज्ञा धावली. पोर म्हणत नाही तर आपण म्हणू, माया तर कळेल!

“आबा, थांब ना! तू कुठे चाललास?”

सुनेच्या तोंडून सासऱ्याला तू! खानदेशात कोणी ऐकलं नसेल. नेमका प्रशील घाईघाईने दारात आलेला. त्यानेही ते ऐकलं. आबांनी पिशवी खांद्याला लावली.

“तुम्ही सुखमा रहा, बाई. मी जास.”

स्टँडपर्यंत तिघं मागे गेले. प्रज्ञाने माफी मागितली, प्रशीलने हात धरला. आबा नुसते मान हलवत राहिले आणि बसमध्ये चढले. बस हलली तशी मितू मोठ्याने रडू लागली. “आबा, तुम्ही जाऊ नका ना! तुम्ही थांबा ना!” हुंदके देतानाही पोर चुकली नाही. खिडकीतून आबांनी दोन्ही हात जोडले, सरकारी माणसाला जोडावेत तसे. प्रज्ञाची नोकरीही त्याच बसने गेली.

शेजारी उभी असलेली बाई कौतुकाने म्हणाली, “रडतेसुद्धा किती आदराने! वळण कोणी लावलं हो?”

प्रज्ञाने हळूच नवऱ्याकडे बोट दाखवलं.