माझा रंग वापस करो

आमच्या शेजारच्या वत्सलाताईंना हळदीकुंकवाला बोलवायचं, तर मनाचा हिय्या करावा लागतो. बायका तिळगूळ घेत असतात आणि ह्यांचं सुरू, "आफ्रिकेतून सुरिनामला पळवून नेलेल्या बायकांनी वेणीत धानाचे दाणे लपवून नेले, असं त्यांच्या नाती-पणत्या सांगतात. माहीत आहे का गं?" कुंकवाचा करंडा हातातच राहतो आणि आम्ही सगळ्या सुरिनामला!

शाळेतून निवृत्त झाल्यापासून हेच वेड. ब्राझील, हैती, अमेरिकेतल्या काळ्या बायकांचा इतिहास मोबाईलवर ऐकत पोळ्या करतात. पोळी करपली तरी चालेल, पण मळ्यातली गुलाम बाई निसटल्याशिवाय तवा उतरत नाही. मोर्चाचा जुना फोटो दाखवून विचारतील, "पुढाऱ्याचं नाव छापलं. मागे झेंडा धरलाय, ती कोण?" मला काय माहीत! पण घरी येऊन मीही शोधत बसते. खोटं काहून बोलू?

माझ्या लेकीच्या लग्नाचे फोटो आले आणि कहर झाला. आमच्या इथल्या कमानिया गेटजवळच्या हिंदीभाषी स्टुडिओवाल्यानं रीतीप्रमाणे, न विचारताच, सगळ्या सावळ्या बायका गोऱ्या करून टाकल्या होत्या. ताईंच्या फोटोवर बोट ठेवून मीच म्हटलं, "अगंबाई, ही कोण?"

"मी आहे ती! चलो," म्हणत त्यांनी मला थेट स्टुडिओत नेलं.

"भैया, मेरा रंग वापस करो."

"दीदी, अच्छा तो लग रहा है!"

"किसको?"

मला मेलं हसू आवरेना. भैयानं कॉम्प्युटरवर रंग पूर्ववत केला. आता ह्याला हैती ऐकावं लागणार, असं मला वाटलं. पण ताईंनी पर्समधून हातानं रंगवलेला एक जुना फोटो काढला.

"माझी आई. मी पाळण्यात होते तेव्हा गेली. एवढा एकच फोटो, त्यातही गोरी करून ठेवलीय. खरी कशी दिसायची, सांगायला आता कोणी नाही. आत्या तेवढं म्हणायची, रंग आईचा घेतलास."

जगभरच्या बायका शोधून राहिली ही बाई, आणि आईचा खरा चेहरा हिला ठाऊक नाही.

भैयानं फोटो स्क्रीनवर घेतला. "दीदी, रंग कितना रखूँ?"

ताईंनी बांगड्या मागे सारल्या आणि आपला हात आईच्या गालाशी धरला.

"इतना."