गोधडीच्या कोपऱ्यातली ओळ

गोधडीला हात लावू नका, असं सरळसाहेबांना कोणीही सांगितलेलं नव्हतं. (बायकोचं म्हणणं असं की पेटत्या शेगडीवर बसू नका, हेही तिने कधी सांगितलेलं नव्हतं.)

सरळसाहेब म्हणजे रस्त्यांवर पांढरे पट्टे आखणाऱ्या खात्यातले साहेब. एखादा पट्टा केसभर सरकलेला असला तर तो त्यांना चालत्या बसमधून दिसायचा, आणि मग त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. ऑफिसातल्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि घरच्यांनी ते आनंदाने उचललं. कोणाकडे पाहुणे म्हणून गेले, तरी चहा येईपर्यंत त्या घरातले भिंतीवरचे दोन-तीन फोटो सरळ झालेले असायचे.

बायकोचा जीव चिंध्यांत. घरात कापड म्हणून आलेली वस्तू पुन्हा बाहेर गेल्याचं कोणी पाहिलेलं नाही. शर्ट विटला की बटणं डब्यात आणि उरलेला शर्ट पिशवीत. त्या पिशव्यांतून ती काहीतरी जोडायला घ्यायची, अर्धं झालं की दुसरं सुचायचं. कपाटात अर्धे अभ्रे, पाऊण पिशव्या आणि नुसत्याच कडा नांदत होत्या.

मग लेकीला, छकुलीला, नोकरी लागली. तीही एवढ्या लांब की तिथे सकाळ होईल तेव्हा इथे दिवे लागायची वेळ. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोने कपाट उघडलं आणि म्हणाली, "ही जाण्याआधी एकही काम अर्धं ठेवायचं नाही मला."

आधी लहानसहान कामं निघाली. किटलीला टोपी आली, रिमोटला खोळ आली, छत्रीला पिशवी आली. प्रत्येक वस्तू तुकड्यातुकड्यांची आणि देखणी. घरात उघडं काही राहीना. सरळसाहेब चष्मा खाली ठेवायलाही बिचकू लागले.

आणि शेवटी ती मोठी गोधडी बाहेर आली. छकुली पहिलीत असताना सुरू केलेली, आणि तिच्याचसोबत जायची होती. उद्या सकाळी छकुली निघणार, आणि कडेची पट्टी तेवढी राहिलेली. नेमका पांढरा दोरा संपला. मायलेकी दोरा आणि एक बॅग आणायला निघाल्या. गोधडी बाहेरच्या खोलीत जमिनीवर अंथरलेली होती.

"अहो, तिच्यावर पाय देऊ नका हं," बायको चप्पल घालता घालता म्हणाली.

"मी कशाला पाय देतोय?"

पायाबद्दल सूचना होती. हाताबद्दल नव्हती.

टीव्ही पलीकडच्या भिंतीला, आणि मध्ये गोधडी. सरळसाहेब कडेने जायला निघाले आणि वाटेतच थांबले. इतकी वर्षं ती कपाटात घडी होऊन पडली होती. पूर्ण उलगडलेली त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. हा करडा तुकडा त्यांच्या पहिल्या नोकरीतल्या शर्टाचा. ही फुलं जुन्या भाड्याच्या खोलीतल्या पडद्याची. तो निळा तुकडा छकुलीच्या शाळेच्या गणवेशाचा. सगळा संसार असा जमिनीवर पसरलेला, आणि एकही रंग दुसऱ्याशी भांडत नव्हता. ते गुडघ्यांवर बसले. वाकून टाके पाहू लागले, आणि तोंडात बोट घालायचंच काय ते बाकी राहिलं. तांदळाच्या दाण्याएवढे टाके, एकामागे एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खात्याकडे यंत्र होतं, दोऱ्या होत्या, माणसं होती, तरी असा पट्टा त्यांच्या हातून कधी पडला नव्हता. ही बाई आपल्याशेजारी बसून, टीव्हीकडे बघत, हे करत होती. साहेबांचा ऊर भरून आला.

तेवढ्यात कोपरा दिसला.

निळ्या तुकड्यावर लाल दोऱ्याची वीतभर ओळ होती, आणि ती वाकडी होती. एक टाका लांब, एक आखूड, मध्ये तर ओळ उतरणीला लागून पुन्हा वर चढलेली. बिचारीची नजर अधू होत चालली असणार, त्यांना वाटलं. हिच्या एवढ्या कामाला हे एकच गालबोट. गुपचूप सरळ करून टाकू, तिला कळणारही नाही.

(इथे बसून टीव्ही पाहिला असता तर ही गोष्ट घडली नसती.)

नखं कापायच्या कात्रीने त्यांनी ओळ उसवली. बायकोच्या शिवणाच्या डब्यात लाल रीळ होतंच. पट्टी ठेवून खडूने रेघ मारली. रेघ अशी झाली की खात्यात फ्रेम करून लावावी. मग सुईत दोरा ओवायला घेतला, आणि तिथे पहिला घाम फुटला. दोरा सुईच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा बोटातूनही जायला निघाला. शेवटी गेला भोकातून. गोधडीचा कोपरा मांडीवर घेऊन साहेब टाके घालू लागले. सुई आत जायची ती रेघेवर. बाहेर कुठे यायची ते तिचं ती ठरवायची. अर्धी दुपार सरली, बोटांना तीन पट्ट्या लागल्या. तरी अखेर ओळ पूर्ण झाली. खडू झटकला. साहेबांना ती सुरेख वाटली.

दारावरची घंटा वाजली. ते उठले, आणि गोधडीही उठली. गोधडीसोबत पायजमाही शिवला गेला होता.

दारात शेजारचे दातांचे डॉक्टर होते, शिडी मागायला आलेले. त्यांनी साहेबांच्या गुडघ्यापासून खोलीच्या मध्यापर्यंत गेलेली गोधडी पाहिली.

"थंडी वाजतेय का?"

"नाही. शिवतोय."

"कोणाला?"

साहेबांनी गुडघा दाखवला. डॉक्टर चष्मा लावून खाली बसले. "हलू नका. दुखलं तर हात वर करा." त्यांनी पायजम्यात अडकलेले टाके तेवढे सोडवले, दोऱ्याची टोकं गोधडीत पक्की केली, आणि मग गोधडीवरून हात फिरवत राहिले. "वहिनींचं काम आहे हे?"

"सगळं तिचं. ही ओळ तेवढी माझी."

डॉक्टरांनी चष्मा सारखा करून ती ओळ पुन्हा पाहिली. "हो. कळतेय," म्हणाले आणि शिडी घेऊन गेले. साहेबांना बरं वाटलं.

मग फोन वाजला.

"अहो, एक सांगायचं राहिलं," बायको म्हणाली. "त्या निळ्या तुकड्यावर लाल ओळ आहे ना, तिला जपा. पहिलीत असताना छकुलीनं स्वतः घातलेली आहे. आत्ता दुकानात तिनं तेवढंच विचारलं मला. म्हणाली, आई, माझी ओळ आहे ना अजून, तेवढ्यासाठी तर मी ही एवढी जड गोधडी नेतेय. अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय," साहेब म्हणाले. तोंडचं पाणी पळालं होतं.

त्यांनी केराच्या डब्यातून जुना दोरा शोधून काढला. बोटाएवढे चार तुकडे, विटलेले. रस्त्यावरचा पट्टा पुसला गेला तर नवा मारता येतो. लहान पोरीने जीभ बाहेर काढून घातलेले टाके कुठून आणायचे? आपण केलं काय हे, त्यांना वाटलं, आणि खरंच रडू आलं. पुन्हा वाकडी घालावी म्हणून सुई उचलली, तोच जिन्यात मायलेकींच्या चपला वाजल्या.

छकुली आत आली ती सरळ कोपऱ्याशी जाऊन बसली. तिने निळा तुकडा उचलला. साहेब भिंतीला टेकून उभे राहिले.

"हीच," ती म्हणाली. तिने ओळीवरून बोट फिरवलं, लांब टाका, आखूड टाका, मध्ये उतार आणि पुन्हा चढ. "अगदी तशीच आहे गं आई." तिचे डोळे भरले आणि तिने कोपरा गालाशी धरला.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. मग ते वाकून आपली ओळ नीट पाहू लागले, आणि जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला.

बायकोने ओळ पाहिली. केराच्या डब्याजवळ पडलेले लाल तुकडे पाहिले. नवऱ्याच्या बोटांच्या पट्ट्या पाहिल्या. मग शांतपणे खाली बसून तिने पांढरा दोरा सुईत ओवला, एका झटक्यात.

"पण आई," छकुली नाक पुसत म्हणाली, "मला आठवत होतं, मी याच्यापेक्षा सरळ शिवलं होतं."

"असू दे गं," बायको कडेची पट्टी धरत म्हणाली. "त्या वयात हात एवढाच वळतो."

सरळसाहेबांनी मान डोलावली. त्यांना अठ्ठावन्नावं सरत आलं होतं.