पंतांच्या तारामंडळाची आणि न पोचलेल्या स्वारीची हकिकत

श्री. अनेकमुखी फाशास नमन असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी एका राज्यात जे वर्तले ते लिहिले आहे. राज्य म्हणजे जेवणाचे टेबल. राजे विसाजीपंत यांनी जग रचावे, नकाशे काढावे आणि मंडळींनी त्यातील पात्रे होऊन, फासे टाकून पराक्रम करावे, ऐसा खेळ. पंतांनी तीन वर्षे खपून ताऱ्यांचे राज्य निर्मिले; ग्रह केले आणि ग्रहांस चंद्र दिले आणि चंद्रांवर जकात बसविली आणि दूरच्या ताऱ्यावर एक जुलमी सम्राट बसविला. शास्त्राविरुद्ध अक्षर लिहिणार नाही, ऐशी पंतांची आण. मंडळी दोनच. एक पंतांच्या वहिनी सगुणाबाई. दुसरे शाळासोबती हैबतराव, लढाईचे भुकेले. मागील बैठकीस ग्रहांचा इतिहास ऐकता ऐकता त्यांस डुलकी लागली होती, सबब 'आज युद्ध नाही तर मी पत्ते खेळायला चाललो' ऐसे बजावूनच आले. ते गेले तर राज्य बुडाले, हे पंत जाणून होते.

मग खेळातील ताऱ्यांचे जहाज सम्राटावर हाकारिले आणि हैबतराव तोफा सज्ज करून पुसते जाहले, "विसू, सम्राटाकडे पोचायला किती वेळ?" पंतांनी गणित केले आणि त्यांचा चेहरा उतरला. प्रकाशाहून वेगे जाणे शास्त्रास मान्य नव्हते.

"एकशेवीस वर्षं," पंत हळूच बोलिले.

"म्हणजे मी पोचणारच नाही?"

"तुझे पणतू पोचतील."

हैबतराव उठोन चपला शोधू लागले. तोच सगुणाबाई बोलिल्या, "भाऊजी, इतकी वर्षं जहाजात खायचं काय? स्वयंपाकघर कुठंय?" पंतांनी नकाशा उलटापालटा केला. जकातनाकी सापडली, स्वयंपाकघर नव्हते. तेव्हां पंतांनी अभिमान गिळोन पेन्सिल पुढे केली आणि म्हटले, "वहिनी, तुम्हीच काढा."

मग वहिनींनी ओटा काढिला आणि हैबतरावांनी चपला सोडोन शेजारी कोठार काढिले आणि कोठारावरून दोघांच्या पात्रांचे भांडण जुंपले आणि दर बैठकीस जहाजावरील वीस-वीस वर्षे सरली. हैबतरावांचे पात्र बाप जाहले, आजा जाहले आणि चौथ्या बैठकीस फाशाने कौल दिला तेव्हां ते म्हातारपणाने निजल्या जागी वारले. ना तोफ, ना तलवार. हैबतराव ढसाढसा रडिले आणि पंतही रडिले आणि वहिनींनी दोघांस पाणी दिले.

सारांश, राज्य पंतांनी रचिले, मंडळींनी वसविले. पुढील बैठकीस हैबतराव सर्वांआधी येऊन नातवाचे पात्र घेते जाहले आणि बसण्यापूर्वीच बोलिले, "विसू, म्हाताऱ्याची खोली मला दे."