हैबतरावराजे यांणी गवंडी महालात घेतला आणि पूर्वेची खिडकी बुजली त्याची हकीकत

श्री. वास्तुपुरुषास साष्टांग दंडवत, उंबरठ्यावरील गणपतीस दूर्वा, आणि ज्यांचे घरी आजवर काम निघाले नाही त्या भाग्यवंतांस दुरूनच रामराम. शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथीनाम संवत्सरे, भाद्रपदमासापासोन एका राज्यात जे वर्तले ते, जैसे कानी आले तैसे, अळणी वाटले तेथे मीठ लावोन लिहिले आहे. राज्याचे नाव पुसू नये. पुसणाराचे घरीही छत आहेच.

राज्य फार मोठे नव्हे. राजे पूर्वेच्या सज्जात शिंकले तर पश्चिमेच्या वेशीवरील पहारेकरी 'शतंजीव' म्हणे, आणि शेजारच्या राज्याचा कोंबडा आरवला की इकडची माणसे उठत. ऐसे असोन सुख होते. राजे हैबतराव. नाव हैबतराव, पण मांजर वाटेत निजले तर मांजर उठत नसे, राजेच वळसा घालोन जात. लढाईत शूर, यात शंका नाही. वाघ आला तर भाला घेत आणि वैरी आला तर घोड्यावर मांड घालीत. परंतु समोरील माणूस हात जोडोन, हसोन काही बोलू लागला की राजांचे जिभेवर 'नाही' हा शब्द चढतच नसे. एकदा वेढा घालोन बसलेल्या गनिमाने तहान लागली म्हणोन सांगोन धाडिले, तर राजांनी त्यास तळे दाखविले आणि वर गुळाचा खडा दिला, ऐसे म्हणतात. भीड हाच त्यांचा शत्रू, आणि तो किल्ल्याचे आत राहोन जेवत होता.

राणीसाहेब गोजराबाई. त्या कमरेखाली लुळ्या पडोन बरीच वर्षे अंथरुणास खिळल्या होत्या, जिव्हा मात्र धारेवर होती. त्यांचे महालास पूर्वेस एक खिडकी, आणि पलंग तिचे समोर. तीतून खोऱ्यापलीकडे त्यांचे माहेरचा डोंगर दिसे, आणि डोंगरावर देवीचे देऊळ, आणि सांज जाहली की तेथील दीपमाळेवर दिवा लागे. मग राणीसाहेब म्हणत, "आज वहिनीने वेळेवर लावला हो," अथवा, "आज उशीर केला, नक्की कोणाशी भांडत बसली असेल," आणि येवढ्यावर त्यांचा दिवस तरोन जाई. राज्य राजांचे, शिक्का राजांचा. राणीसाहेबांची जहागीर म्हणावी तर ती खिडकी.

त्या पावसाळ्यात राणीसाहेबांचे महाली छतास ओल आली आणि पलंगाचे पायथ्याशी पाणी ठिबकू लागले. राणीसाहेब बोलिल्या, "खाली तपेले ठेवा, तेवढे पुरे. पण घरात कारागीर घेऊ नका. एकदा आत शिरला की त्याला बाहेरची वाट सापडत नाही." राजे बोलिले, "दोन कौलांचे काम. दिवे लागायच्या आत माणूस घरी जाईल." आणि रखमाजी गवंडी यास बोलाविणे धाडिले. रखमाजी अंगाने दांडगा, मिशांत चुना, बोलण्यात गूळ. कामात लबाडी नाही हे त्याचा वैरीही म्हणे. दोष येवढाच की हाती धरलेले काम जागचे जागी संपले ऐसे त्यास कधी वाटत नसे. तो आला आणि कमरेवर हात ठेवोन छताकडे पाहिले आणि जिभेने चुकचुक केली आणि पुसिले, "ह्ये काम कुणी केलंय?"

राजे बोलिले, "आमचे आजोबांनी करविले."

"तरीच," रखमाजी बोलिला.

त्या एका शब्दाने राजे आजोबांचेही वतीने लाजले. मग त्या दरबारची रीत ऐसी की, कोणास कामगिरी सांगायची तर राजांनी स्वहस्ते विडा द्यावा. विडा घेतला की काम अंगावर घेतले, मग ब्रह्मदेव आडवा आला तरी माघार नाही. राजांनी विडा दिला. येवढ्यावर राहावे ते न राहता, भिडेने वर बोलिले, "घर आपलेच समजा. अनमान करू नका." पडद्याआडोन राणीसाहेबांनी कपाळास हात लाविला, तो आवाज दिवाणखान्यात ऐकू आला.

रखमाजीने अनमान केला नाही. दुसरे दिवशी चुना मळावयाची घाणी आली, ती अंगणात ऊन लागते म्हणोन दरबारात मांडिली आणि तीस रेडा जुंपिला. आणि रेडा सिंहासनाभोवती फिरू लागला, तो दरबारी मंडळींस आधी नवल आणि मग सवय जाहली. मग परांचीचे बांबू आले, ते मुदपाकखान्यात ठेविले, म्हणोन चूल परसात गेली. मग रखमाजीचा जावई सुतारकाम घेऊन आला, मग जावयाचे भाऊ, मग भावांच्या बायका, आणि त्यांची लुगडी राजछत्रावर वाळू लागली. राजे स्नानास निघाले की वरोन हाक येई, "पाय! पाय! वलं हाय तितं!" आणि राजे एक पाय उचलोन बगळ्यासारिखे उभे राहात आणि पुसत, "मग कोठोन यावे?" आणि वरोन उत्तर येई, "तिकडनं वळसा घाला की." तो वळसा ऐसा की राजवाड्याचे बाहेर पडोन, हौदास प्रदक्षिणा घालोन, खिडकीतून आत यावे. ऐसे करिता राजे एकदा वेशीपाशी निघाले आणि पहारेकरी यांणी 'कोण आहे' म्हणोन दरडाविले. चिटणीस गुंडोपंत घमेले पालथे घालोन त्यावर खलिते लिहीत आणि मनी जळत. एके दिवशी न राहवोन बोलिले, "महाराज, गनीम असता तर आपण केव्हाच कापून काढला असता. हा विडा खातो म्हणून पाहुणा झाला." राजे बोलिले, "हळू बोला पंत, तो जेवतो आहे."

आणि ओल होती तेथेच होती.

मग कार्तिकमासी रखमाजी राणीसाहेबांचे महाली ओळंबा सोडोन बसला, भिंतीस कान लाविला, आणि राजांस येऊन बोलिला, "म्हाराज, रोग सापडला. पानी कौलातनं न्हाई, खिडकीतनं येतंय. वरची तुळई कुजलीया. खिडकी बुजवायची, भित सलग घ्यायची, की शंभर वर्सं बघाय नको." राजे बोलिले, "बघू." हा शब्द राजांनी नकार म्हणोन वापरिला. रखमाजीने तो घरी नेला आणि त्यावर विटा मोजिल्या.

ही खबर पडद्याआड गेली. राणीसाहेबांनी राजांस बोलाविले. नित्य टोचोन बोलणाऱ्या राणीसाहेब त्या दिवशी टोचोन बोलिल्या नाहीत. "माझं स्वयंपाकघर गेलं, मी बोलले नाही. न्हाणीघर गेलं, तेही सोसलं. पण एवढी खिडकी राहू द्या. गळेना का छत, मी भिजेन." राजे बोलिले, "आम्ही सांगतो त्यास." राणीसाहेब बोलिल्या, "तुम्ही नका सांगू. धाडा त्याला पडद्यापाशी, मी सांगते. दोन शब्दांचं काम आहे." तेव्हा राजांस राग आला. राजा जिवंत असता राणीने गवंड्यास दटावावे, लोक काय म्हणतील? बोलिले, "आमचे तोंड शिवलेले नाही." आणि उठोन गेले. हा एक राग राजांनी त्या साऱ्या कामात केला, आणि तो नको तेथे केला.

मग रखमाजीस बोलावोन सदरेवर बसविले. राजांनी शब्द मनी तीन वेळा घोकिला होता. परंतु रखमाजी येताच त्याचे हातास भेगा पडलेल्या दिसल्या, आणि राजे त्यास भेगांवर लोणी लावण्याचे सांगू लागले, आणि मग पाऊस कैसा, जावयाचा खोकला कैसा, ऐसे पुसले. शेवटी जमिनीकडे पाहोन बोलिले, "त्या खिडकीचे... म्हणजे राणीसाहेबांचे थोडे मन आहे हो तीत. आता तुम्ही जाणते आहा." रखमाजी बोलिला, "मन असणारच. आमच्या म्हातारीचं जुन्या चुलीत मन व्हतं. बदलली, दोन दिस रडली, मग इसरली." आणि तो उठू लागला. उठल्या माणसास रित्या हाते कैसे लावावे, म्हणोन राजांनी तबकातील विडा उचलोन त्याचे हाती दिला. रखमाजीने तो मस्तकी लाविला आणि बोलिला, "इडा मिळाला. काम पक्कं." राजांचा हात तैसाच पुढे राहिला. गुंडोपंतांनी लेखणी खाली ठेविली आणि बोलिले, "महाराज, आपण त्यास नकोचा विडा दिलात काय? तसा विडा आमचे ऐकिवात नाही." राजे बोलिले, "उद्या बोलावून समजावू." दुसरे दिवशी बोलाविले, पुन्हा तेच जाहले आणि विडा मात्र केशर घातलेला गेला.

विटा ज्या दिवशी महाली चढल्या त्या दिवशी राजे शिकारीस गेले. शिकार काही नव्हती. एक ससा समोर येऊन बसला, त्यास राजे न मारिता पाहात राहिले. इकडे परांचीवरोन हात खिडकीशी आले तेव्हा राणीसाहेब पलंगावरोन बोलिल्या, "रखमाजी, हात आवर. मी नको म्हणते." रखमाजी पडद्याबाहेर खाली मान घालोन उभा राहिला आणि बोलिला, "राणीसरकार, तुमचा शबूद मोठा. पर म्हाराजांचा इडा हाय. एकदा न्हाई, तीनदा. त्यांस्नी बोलवा, त्यांनी नुसतं मुंडी हालवली तरी खाली उतरतो." स्वार रानात दौडविले. राजांनी घोडा येतो ऐसे पाहिले, आणि कशास येतो हेही जाणिले, आणि ओढ्याचे पलीकडे करवंदीचे जाळीत शिरले. सांजवेळी परतले तो भिंत सलग उभी होती, ओळंब्यास एक केसाचा फरक नव्हता, आणि महालात दिवसा समई लावावी लागत होती.

त्याच रात्री अवकाळी सर आली आणि पलंगाचे पायथ्याशी पाणी ठिबकले. रखमाजी दुसरे दिवशी छताकडे पाहोन बोलिला, "आता ध्येनात आलं. वरनंच येतंय." राजे बोलिले, "मग खिडकी पुन्हा उघडता येईल काय? तुम्हांस त्रास नसेल तर." रखमाजी बोलिला, "उघडतो की. पर कुजकी तुळई काढली, आता छताचा भार ह्याच भितीवर हाय. चुना पक्का व्हायच्या आत हात लावला तर छत राणीसरकारांच्या अंगावर येईल. उन्हाळा येऊ द्या."

राणीसाहेबांनी राजांस शब्दाने दुखविले नाही, आणि तेच राजांस बाधले. सांज जाहली की त्या येवढेच पुसत, "दिवा लागला का?" तेव्हा राजे गच्चीवर जाण्यास धावत, परंतु जिन्यावर गिलावा ओला, "पाय! पाय!" ऐसी हाक येई, आणि वळसा घालोन, परांची चढोन गच्चीवर जावे तो पलीकडे डोंगरावर दिवा आधीच लागलेला. तैसेच धापा टाकीत खाली येऊन सांगत, "लागला." राणीसाहेब पुसत, "वेळेवर?" राजांस ते ठाऊक नसे. "मग काय कळलं," म्हणोन त्या भिंतीकडे तोंड करीत. पुढे पुढे पुसेनाशा जाहल्या. राजे न पुसता गच्चीवर जात आणि येऊन न पुसता सांगत, आणि समई तडतडे. माघमासी, उन्हाळा येण्याचे आधी, राणीसाहेब गोजराबाई त्या सलग भिंतीसमोर वारल्या. दरबारातील घाणी त्या दिवशी थांबली. रेडाही उभा राहोन रडला ऐसे सांगतात, परंतु त्याचे डोळ्यांत चुनाही जाई.

दिवस वार जाहले. मग रखमाजी नदीवर आला. ज्या जागी राणीसाहेबांस अग्नी दिला तेथे राजे एकटे बसले होते आणि खोऱ्यापलीकडे पाहात होते. रखमाजीचे डोळे सुजले होते. त्यास खरेच वाईट वाटले होते, हे लिहिणे प्राप्त आहे. त्याने दोरी सोडिली, खुंट्या काढिल्या, आणि हळू बोलिला, "म्हाराज, राणीसरकारांच्या ह्या जागेवर छत्री बांधतो. माझ्या पदरचा चुना, माझ्या पदरची मजुरी. चारी बाजूंनी भित घेतो, वर घुमट. पावसाचा थेंब लागू देनार न्हाई."

राजांनी त्याचेकडे पाहिले आणि बोलिले, "नाही."

गवंड्याने दोरी हातात धरोन पुसिले, "भित नको, तर नुसतं खांब?"

"नाही. उघड्यावर राहील. तुमची माणसे आज घरी न्या."

यापुढे राजांनी लोण्याचे सांगितले नाही, जावयाचे खोकल्याचे पुसिले नाही. रखमाजीने दोरी गुंडाळिली, खुंट्या उपटोन घेतल्या, आणि हात जोडोन बोलिला, "म्हाराज, रागावू नगा. येवढंच व्हय? ह्योच शबूद कार्तिकात दिला असता तर मी तवाच खाली उतरलो असतो. आमी कामाची मानसं. 'न्हाई' म्हटलं की आमास्नी कळतंय. 'बघू' म्हटलेलं न्हाई कळत." आणि तो गेला, आणि दिवे लागायचे आत त्याची घाणी, त्याचा रेडा, जावई, जावयाचे भाऊ आणि छत्रावरील लुगडी राजवाड्यातून निघोन गेली.

येणेप्रमाणे त्या राज्यातून कारागीर निघाले. किल्ला पडला नाही, दौलत बुडाली नाही, गनीम आला नाही. चुना पक्का जाहला तेव्हा राजांनी आपल्या हाते खिडकी उघडिली. पुढे राजे नकार देण्यात मोठे निष्णात जाहले, दूरदूरचे वकील त्यांस भ्याले, ऐसे सांगतात; परंतु सांजवेळी दिवा वेळेवर लागला की उशिरा, हे पुसणारे त्या घरी कोणी राहिले नव्हते. हकीकत येवढीच.