हत्तोबाची दुसरी लाइन

डुबुक!

घर अगदी चिडीचूप होतं. लेक झोपलेली, नवरा झोपलेला, आणि मी ओट्याला टेकून मनातल्या मनात भाषण पाठ करत होते. तेवढ्यात बाथरूममधून हा एवढासा आवाज आला. माई उठल्या असतील, बादलीत काहीतरी भिजत घातलं असेल, म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नाही. माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या डुबुकबरोबर माझी नोकरीही बुडायला निघाली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पण आधी माझा तोरा ऐका. काहीही बंद पडू न देणं हा माझा धंदा आहे! कारखान्यातली यंत्रं तारांवरून एकमेकांशी अखंड बोलत असतात. 'बाटली आली', 'भर', 'भरली', 'थांब', 'बूच लाव'. ही बडबड क्षणभर जरी तुटली, तरी भरणारं यंत्र भरतच राहतं आणि बूच लावणारं यंत्र हवेला बूच लावत बसतं. जुन्या पद्धतीत तार तुटली की यंत्रणा दुसरा रस्ता शोधायची. आमच्याकडे घराची किल्ली शोधतात तशी नव्हे, फार लवकर. पण तेवढ्यातही जमिनीवर रसाचं तळं! माझ्या पद्धतीत शोधाशोधच नाही. प्रत्येक निरोप एकाच वेळी दोन वेगळ्या लाइनींवरून निघतो. जो आधी पोचेल तो घ्यायचा, मागून येणारा फेकून द्यायचा. एक लाइन मेली, तरी दुसऱ्या लाइनीवरचा निरोप वाटेतच असतो. खंड नाही, खोळंबा नाही, कुणाला पत्तासुद्धा नाही!

आणि अशी पद्धत डोक्यात असणारी बाई ती घरी लावल्याशिवाय राहील का?

आमच्या लेकीला घरात सगळे 'चौकशी' म्हणतात, कारण बोलायला लागल्यापासून तिने एकही वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय संपवलेलं नाही. या चौकशीचा जीव हत्तोबात. हत्तोबा म्हणजे राखाडी कापडाचा, एका कानाने जरा बहिरा वाटणारा हत्ती. त्याच्याशिवाय ती जेवत नाही, झोपत नाही, आणि आम्हालाही जेवू-झोपू देत नाही. म्हणून मी अगदी सारखे दोन हत्तोबा घेतले! एक तिच्या कुशीत, एक कपाटात चादरींच्या मागे. कुशीतला मळला की ती गाढ झोपेत असताना अदलाबदल. तिच्या इवल्याशा मुठीतून एक सोंड सोडवायची आणि दुसरी सरकवायची. ती नुसती 'हं' म्हणायची, आणि मूठ पुन्हा मिटायची. तेवढ्या वेळात माझा श्वास बंद, पण तिच्या झोपेला धक्का नाही!

तर त्या दिवशी बाटल्यांच्या कारखान्यात माझी चाचणी होती. लेकीसाठी घेतलेल्या लांबलचक सुट्टीनंतरचं हे माझं पहिलं काम. आमच्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "पास झालात तर पुढचे कारखानेही तुमचेच. नाही झालात, तर मुलगी मोठी होईपर्यंत ऑफिसात बसून वायरिंगच्या नकाशांवर नावं टाका. हलकं काम."

हलकं काम! हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं जड होतं.

मी भाषणाच्या शेवटच्या वाक्यावर पोचले, आणि आतून किंकाळी आली.

"आई! हत्तोबा कुठे गेला?"

चौकशी गादीवर बसून रिकाम्या मुठीकडे पाहत होती. माई दारात पदर खोचून उभ्या.

"मी घातला भिजत," त्या म्हणाल्या. "त्याच्या सोंडेवर जॅम होता. मुंग्या लागतील म्हटलं."

"माई, मग दुसरा द्यायचा ना तिच्या हातात!"

"दुसरा कपाटात नाही. मला वाटलं, तू कुठे ठेवला असशील."

"मी? मी कुठे ठेवणार?"

आता आम्ही दोघींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो पांघरुणात हळूहळू लहान होत चालला होता.

"सलूनमध्ये राहिला," पांघरूण म्हणालं.

"कधी?"

"मागे. हिचे केस कापायला नेलं होतं तेव्हा."

"आणि इतके दिवस बोलला नाहीस?"

नवऱ्याने डोकं बाहेर काढलं. बाजू बळकट आहे असं वाटलं की त्याचं डोकं बाहेर येतं. "कशाला बोलायचं? काही थांबलं का? दुसरा चालूच होता की! तूच म्हणतेस ना, एक गेला तरी कुणाला कळता कामा नये!"

माझंच वाक्य, माझ्याच गादीवर, माझ्याच तोंडावर!

"दुसरा?" चौकशीने रडणं मध्येच थांबवून विचारलं. "दुसरा कुठला?" आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा भोंगा सुरू केला.

मग जी धावपळ झाली, तिला तोड नाही. बादलीतल्या हत्तोबाने निम्मं पाणी पिऊन टाकलं होतं आणि तो पाणघोड्यासारखा फुगला होता. माईंनी त्याला पिळला, तशी त्याच्या पोटातून फेसाची चिळकांडी उडून माझ्या इस्त्रीच्या कुर्त्यावर! नवऱ्याने ड्रायर आणला. ड्रायर दोन वेळा खोकला आणि गेला. मी म्हटलं, "इस्त्री फिरवा!" तर चौकशी ओरडली, "हत्तोबाला चटका देणार? का देणार?" आणि माझ्या गळ्याला अशी चिकटली, की तिला सोडवायला सुतार बोलवावा लागला असता.

"हे बघ," माई म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर. ही आणि मी बाहेर बसतो. तू तुझं ते तार उपटणं उरकून घे."

"माई, तार उपटणं नाही, चाचणी आहे!"

"तेच ते."

नवरा सलूनच्या शोधात गेला. आणि मी कारखान्यात पोचले, ती कडेवर मुलगी, खांद्याला लॅपटॉप, कुर्त्यावर फेस आणि मागे माईंच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठिबकणारा हत्ती, अशा थाटात! दारातल्या रखवालदाराने पिशवी तपासली, हत्तोबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत सोडलं. भला माणूस.

माई आणि चौकशीला पाहुण्यांच्या खोलीत बसवून मी चाचणीच्या खोलीत गेले. काचेपलीकडे बाटल्या शिस्तीत चालल्या होत्या. आमचे साहेब घाम पुसत होते. शेजारी कारखान्याचे मोठे साहेब, ज्यांना आम्ही त्यांच्या मागे 'तरसाहेब' म्हणतो. त्यांचा प्रत्येक प्रश्न त्याच एका शब्दावर थांबतो.

"उंदराने तार कुरतडली, तर?" त्यांनी सुरुवात केली.

"दुसरी लाइन आहे, सर."

"त्या लाइनीवर ट्रॉली आदळली, तर?"

"ती भिंतीच्या पलीकडून जाते, सर. दोन्ही कुठेच शेजारून जात नाहीत."

"इथला फ्यूज उडाला, तर?"

याच प्रश्नाची मी वाट पाहत होते. "दुसऱ्या लाइनीची वीजही वेगळ्या खोलीतून घेतलीय, सर. पक्कं वायरिंग व्हायचंय, पण तोवर साध्या प्लगवर चालू आहे. दोघींचं एकमेकींवाचून काही अडत नाही!"

"हं," तरसाहेब म्हणाले. त्यांच्याकडून 'हं' म्हणजे टाळ्याच.

मी पहिल्या लाइनीच्या तारेला हात घातला. पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आता मी ही तार काढणार आहे, आणि तुम्हाला काहीही कळणार नाही!" आणि त्याच क्षणी माझ्या कानात पांघरुणातला नवरा बोलला: काही थांबलं का? दुसरा चालूच होता की!

दुसरा चालूच होता... पण कोण चालू आहे आणि कोण सलूनमध्ये आहे, हे बघितलं कुणी?

दोन्ही लाइनींची तब्येत दाखवणारं पान माझ्या लॅपटॉपवर होतं. मीच बनवलेलं. पण ते उघडायला स्क्रीनवर चार ठिकाणी जावं लागे, आणि सगळं सुरळीत चालू असताना चार ठिकाणी जातंय कोण! मी तार सोडून लॅपटॉपकडे वळले.

"काय झालं?" आमचे साहेब कुजबुजले. "काढा ना!"

"एक मिनिट, सर."

"अहो, ते घड्याळ बघतायत! थांबा, मीच काढतो." आणि साहेबांनी तारेकडे हात नेला.

पान उघडलं. पहिली लाइन: हिरवी. दुसरी लाइन: काळी. मेलेली. गार!

पुढचं माझ्या हातून झालं, डोक्यातून नाही. मी साहेबांच्या हातावर फटकन चापट मारली आणि ज्या आवाजात घरी बोलते त्याच आवाजात म्हणाले, "हात नाही लावायचा! सांगितलंय ना एकदा!"

बाटल्या तेवढ्या चालल्या होत्या.

"नाही लावत," साहेब म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मी धावत सुटले. दुसऱ्या लाइनीच्या विजेची वायर भिंतीच्या कडेने जिकडे जाते तिकडे, कोपऱ्यावर वळून, थेट पाहुण्यांच्या खोलीत! आणि आत काय बघते? टेबलफॅन सोसाट्याने फिरतोय. त्याच्यासमोर माईंच्या केसांच्या पिनांनी हत्तोबा पडद्याला शेपटीने टांगलाय, कान फडफडतायत, आणि चौकशी खाली बसून विचारतेय, "आजी, हत्तोबाला चक्कर येईल का?" फॅनचा प्लग माझ्या प्लगच्या जागी. आणि माझा प्लग जमिनीवर, गरीब गायीसारखा पडलेला.

"माई! हा काढलात?"

"अगं, मला वाटलं कुणाचातरी मोबाइलचा चार्जर राहिलाय. विजेची किती नासाडी करतात माणसं!"

मागे पावलं वाजली. दारात तरसाहेब, आणि त्यांच्या मागे हात पाठीशी बांधलेले आमचे साहेब.

"हे काय आहे?" तरसाहेबांनी विचारलं.

"हत्ती," चौकशी म्हणाली. "तुम्हाला हत्ती माहीत नाही?"

संपलं, मी मनात म्हटलं. नकाशे, नावं, हलकं काम. पण बघा हं, तोंडात आलेली माफी बाहेर पडायच्या आत मला याही खोलीच्या काचेतून ती बाटल्यांची रांग दिसली. एक बाटली अडखळली नव्हती! एक बूच चुकलं नव्हतं! माझा कणा आपोआप ताठ झाला.

"सर, ही चाचणी आहे," मी माईंकडे हात करत म्हटलं. "यांनी दुसरी लाइन कधीच बंद पाडलीय. तुम्ही आत मला प्रश्न विचारत होतात, तेव्हा ती मेलेलीच होती. तुम्हाला कळलं का?"

तरसाहेबांनी भुवया चढवल्या. "आधी ठरवून केलंत?"

"नाही, सर," मी म्हणाले. "यांना काय काढलं तेच माहीत नव्हतं."

"अजून नाही माहीत," माई म्हणाल्या.

तरसाहेब तरातरा बाटल्यांच्या रांगेपाशी गेले. मोजणीचे आकडे पाहिले, सांडलेला रस शोधायला वाकून यंत्राखाली पाहिलं, एका बाटलीचं बूच स्वतः पिळून पाहिलं. परत आले तेव्हा चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. बहुधा हसू.

"आजवर सगळ्यांनी मला तयारी करून चाचण्या दाखवल्या," ते म्हणाले. "कुणाला न विचारता, हत्ती वाळवायला लाइन उपटून आजवर एकानेही दाखवली नव्हती!"

"त्यात काय एवढं," माई लाजून म्हणाल्या.

मी प्लग जागेवर लावला. सगळ्यांना घेऊन चाचणीच्या खोलीत परतले, पान पुन्हा उघडलं, दोन्ही लाइनी हिरव्या झाल्याची खात्री केली, मगच म्हणाले, "सर, आता पहिली तुम्ही काढा. तुमच्या हाताने."

त्यांनी काढली. काही नाही. लावली, मी मान डोलावल्यावर पुन्हा काढली. काही नाही! तो गंभीर माणूस बघता बघता जत्रेतल्या पोरासारखा दिसायला लागला. "काहीच होत नाही हो!" असं म्हणत त्यांनी ती इतक्या वेळा काढली-लावली, की शेवटी चौकशी त्यांच्या कोटाला धरून म्हणाली, "काका, हात नाही लावायचा. आई ओरडते." आमच्या साहेबांनी जोरजोरात मान हलवली.

तरसाहेबांनी सही करायला पेन काढलं आणि ते थांबले.

"पण एक मेली आणि कुणाला कळलंच नाही, तर?"

या एकाच 'तर'ला सकाळपासून माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता होतं!

"दिवा लावते, सर. तांबडा, मोठा. आणि त्याला भोंगा. मशिनं चालू राहतील, पण तो माणसांना झोपू देणार नाही."

"हां!" आणि सही झाली. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'भोंगा हवा.' माईंना म्हणाले, "पुढच्या कारखान्यातल्या चाचणीला तुम्हीही या." आमचे साहेब परत जाताना गाडीत म्हणाले, "पुढचे कारखाने तुमच्याकडेच." आणि जरा वेळाने, हात चोळत, "लागलं हो तसं."

घरी आम्ही विजयी सैन्यासारख्या शिरलो. नवऱ्यानेही मैदान मारलं होतं! सलूनवाल्याने हत्तोबाला आरशावर बसवून ठेवलं होतं म्हणे, गिऱ्हाइकांना आवडला म्हणून. टेबलावर दोन्ही हत्तोबा शेजारी शेजारी बसले. एक उन्हाने फिकट, एक पिळून वाकडा. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी चौकशीला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं. दोन का आणले, कपाटात का ठेवला, झोपेत का बदलायचे.

मला वाटलं, रडेल. पण तिने दोघांच्या सोंडा हातात घेऊन पाहिल्या आणि खाली ठेवल्या.

"एक हरवला तर दुसरा पाहिजे, म्हणून?"

"हो गं राणी. तुझं काही अडू नये म्हणून."

दिवसभर तरसाहेबांच्या प्रत्येक 'तर'ला चोख उत्तर दिलेली मी, ऐटीत तिच्या केसांतून हात फिरवत बसले. ती माझा चेहरा दोन्ही तळहातांत धरून, अगदी जवळून, नीट तपासल्यासारखा बघत राहिली. मग म्हणाली,

"आई, मग तुझी दुसरी कुठे ठेवलीयेस?"