मुक्तछंदातली बदली

मुख्य कार्यालयात बसलेल्या साहेबांनो, होय, तुम्हीच. एका सरळ माणसाचा सरळ चाललेला संसार तुम्ही कवितेने मोडायला काढलात, आणि वर त्याला ‘कर्मचारी कल्याण’ असे नाव दिलेत.

तो माणूस लिफ्ट मेकॅनिक. तुमच्याच कंपनीच्या लिफ्टा दुरुस्त करतो. मध्येच अडकलेल्या लिफ्टमधल्या घाबरलेल्या माणसाशी दाराच्या फटीतून गप्पा मारता मारता तो दार कधी उघडतो, हे आतल्याला कळतही नाही. इतकी वर्षे त्याच्या कामाचा अहवाल चौकटींत बरोबरच्या खुणा करून जात होता आणि कुणाचे काही अडले नव्हते. मग तुमच्यापैकी कुणीतरी डोंगरावरच्या हॉटेलात शिबिराला गेले आणि थंड हवेत त्याला साक्षात्कार झाला की माणूस चौकटीत मावत नाही. खाली उतरल्याबरोबर फतवा निघाला : यंदा प्रत्येकाने आपली जीवनकहाणी मुक्तछंदात लिहून द्यावी. तिला गुण मिळतील. सगळ्यांत कमी गुणवाल्याची बदली लांबच्या सिमेंट कारखान्यावर. तिथे एकच लिफ्ट होती, आणि तीही पोत्यांची.

मेकॅनिकने फतव्याची घडी घालून खिशात ठेवली. खालच्या मजल्यावर तो आणि बायको, वरच्या मजल्यावर थोरला भाऊ, आणि वडील, म्हणजे अप्पा, मनाला येईल तेव्हा वर नाहीतर खाली, असे त्याचे घर होते. बायकोची चष्म्याच्या दुकानात नोकरी. अप्पांना कमी ऐकू येई. हे सगळे सोडून पोत्यांबरोबर राहायचे?

त्याने हात धुतले, बसला आणि खरे ते लिहिले :

*जन्मलो.*
*बरं झालं.*
*अप्पांनी सायकल घेतली.*
*दादानं शिकवली.*
*पडलो नाही.*
*बायको चांगली आहे.*
*लिफ्ट वर जाते, खाली येते.*
*मीही.*

कागद घेऊन तो स्टोअरकीपरकडे गेला. स्टोअरकीपर कवी होता. प्रत्येक ओळीपुढे तीन टिंबे देत असल्यामुळे सगळे त्याला टिंब्या म्हणत. टिंब्याने नटबोल्टचा डबा बाजूला सारला आणि कागद दोनदा वाचला.

“यात वेदना कुठाय?”

“गुडघा दुखतो की.”

“शारीरिक नको रे. आतली. बाप कसा होता?”

“मस्त.”

“भाऊ?”

“तोही मस्त.”

“मग तू गेलास बाबा सिमेंटला,” टिंब्या हळहळून म्हणाला. “अरे, आपल्या पेंटरनं बायको पळून गेल्याचं लिहिलंय. तिच्या हातचाच डबा खात होता लिहिताना.”

त्या संध्याकाळी मेकॅनिकने जेवता जेवता बायकोला विचारले, “तू मला कधी काही दुःख दिलंयस का गं?”

“आत्ता सुरुवात करू, की ताट संपल्यावर?”

एवढ्या भांडवलावर कविता होईना. शेवटी त्याने टिंब्याच्या शेजारी बसून, घरच्या कुणाच्या कानावर हे थोडेच जाणार आहे, अशा हिशेबाने नवीन आयुष्य लिहून काढले. लिहून दिल्यावर दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली : सर्व जीवनकहाण्या कौटुंबिक मेळाव्यात वाचल्या जातील. घरच्यांची उपस्थिती आवश्यक.

त्याने घरी सांगितले, मेळावा रद्द झाला. पण पेंटरच्या न पळालेल्या बायकोने चष्म्याच्या दुकानात येऊन सगळे सांगून टाकले. मेळाव्याच्या दिवशी अप्पा, दादा आणि बायको कडक इस्त्रीत पहिल्या रांगेत येऊन बसले.

शाखेचे मॅनेजर स्वतः वाचायला उभे राहिले. त्यांचा आवाज खर्जातला होता आणि तो त्यांना फार आवडत असे.

“बापाचा पट्टा... माझ्या पाठीवर... अजून वाचता येतो...”

“काय म्हणाले?” अप्पांनी विचारले.

दादाने त्यांच्या कानाशी तोंड नेले. “तुम्ही ह्याला पट्ट्यानं मारायचात, म्हणतोय!”

मागच्या रांगेलाही नीट ऐकू गेले.

“पट्टा?” अप्पा उभे राहिले. “मी जन्मात पट्टा लावला नाही! माझी पँट आपोआप राहते!”

मॅनेजरांनी दुःखी चेहऱ्याने पुढची ओळ घेतली. “भावानं वाटणीत... उजेड नेला... मला जिना ठेवला...”

“हा काय म्हणाला?” अप्पांनी पुन्हा विचारले. या वेळी दादा मॅनेजरांकडेच बघत राहिला.

“बायकोच्या नजरेत मी... बंद पडलेली... लिफ्ट...”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पेंटर रडला.

घरी परतताना बायको चार पावले पुढे चालत होती. दाराशी ती थांबली. “अहो, तुमचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालून ठेवते. बंद लिफ्टला आणखी काय लागतं?” दादा स्टूल घेऊन खाली आला, आदल्या आठवड्यात त्याने स्वतःच लावलेला बल्ब काढला आणि म्हणाला, “उजेड न्यायचा राहिला होता.” सकाळी अप्पा बाजारात जाऊन आले. कमरेला नवाकोरा, रुंद, पितळी बकलाचा पट्टा होता.

“अप्पा, हे काय?”

“नाव झालंच आहे,” अप्पा म्हणाले, “तर वस्तू तरी असू दे.”

आठवडाभर घरात चमच्यांशिवाय कुणाचा आवाज आला नाही. मेकॅनिकने सगळे सोसले. निदान बदली तरी टळेल, एवढाच आधार होता. आठवड्याने मॅनेजरांनी त्याला केबिनमध्ये बोलावले.

“अभिनंदन. सगळ्या शाखांत तू पहिला!”

मेकॅनिकने सुस्कारा सोडला.

“मुख्य कार्यालय हादरलंय,” मॅनेजर पुढे म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. “असल्या घरात माणसाला ठेवायचं नाही, असं वरूनच ठरलं. मी स्वतः मागे लागलो. जितकं लांब जमेल तितकं लांब म्हटलं. उद्यापासून तू सिमेंटला. तिथं खोलीही मिळेल. एकट्याची.”

“साहेब, ते खोटं होतं.”

“मार खाल्लेली माणसं असंच बोलतात.”

“अहो, माझे वडील देवमाणूस आहेत!”

“भीती बोलतेय,” मॅनेजर हळुवारपणे म्हणाले. “पाणी घे.”

आता पुरावा एकच होता, तो म्हणजे घरची माणसे. मेकॅनिकने घरी जाऊन तिघांपुढे हात जोडले. बदलीचे नाव ऐकताच बायको चपला घालून निघाली. पण केबिनमध्ये शिरताना नेमका जो चेहरा नको होता, तोच तिघांनी आणला होता. अप्पांच्या कमरेचे बकल बघून मॅनेजरांची खुर्ची मागे सरकली. “ह्याला कुठेही पाठवायचं नाही!” असे दादा अप्पांना ऐकू जावे म्हणून ओरडला, आणि बाहेरचा शिपाई धावत आत आला. बायकोने नवऱ्याकडे एकदाच पाहिले. त्या नजरेत लिफ्ट खरोखरच बंद होती.

“बघ,” मॅनेजर मेकॅनिकला म्हणाले, “तू एक ओळही वाढवून लिहिलेली नाहीस.”

अप्पांनी पुढची खुर्ची ओढली आणि बसले.

“साहेब, ह्याची आई गेली तेव्हा हा एवढासा होता. मला जेवण जाईना. हा ताट घेऊन माझ्याशेजारी बसायचा आणि म्हणायचा, अप्पा, मला एकट्याला जेवायला भीती वाटते. मी जेवावं म्हणून. ह्याला कसली भीती! अंधाऱ्या जिन्यात एकटा खेळणारं पोर ते. हे ह्यानं तुम्हाला लिहून दिलं नाही. खरं होतं, तरी नाही दिलं. मग तुम्ही गुण कशाचे दिलेत?”

मेकॅनिक जमिनीकडे बघत होता. दादाने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मॅनेजरांनी डोळे पुसले, टेबलावरचा कोरा कागद अप्पांपुढे सरकवला, त्यावर पेन ठेवले आणि खर्जात म्हणाले, “बाबा, फार सुंदर. हेच जरा... ओळी तोडून... लिहून द्याल?”

कागद बायकोने पेनासकट उचलला आणि मॅनेजरांच्याच पुढ्यात ठेवला.

“ओळी तुम्ही मागाहून तोडा, साहेब,” ती म्हणाली. “माझा नवरा उद्या कामाला कुठं जायचा? इथं, का तिथं? एका ओळीत सांगा.”