नाताळ शब्दाच्या निवाड्याची हकीकत

श्रीवाग्देवतेस साष्टांग दंडवत, आणि शब्दांची फोड करणारांस दुरूनच दंडवत. शके सोळाशें चौऱ्यायशीं, चित्रभानु नाम संवत्सर, मार्गशीर्षमासीं दौलतीचा गोलंदाज इनास किरिस्तांव हात जोडोन उभा राहिला आणि अर्ज केला कीं, "म्हाराज, नाताळाला घरला जाऊं द्या. बायकोचे दीस भरत आल्यात. पयल्या खेपेला ती मरतां मरतां वांचली, तवा मी हितं तोफेपाशीं हुतों." आणि सरकारस्वारीस दया आली, आणि रजा लिहावी तों वैकुंठशास्त्री आडवे आले कीं, रजेचें कारण अर्थासह लिहिण्याची या दरबारची चाल, तरी नाताळ म्हणजे काय? मग सभा बैसली. आणि शास्त्रीबोवा वदले, "ना ताळ तो नाताळ. ज्यास ताळतंत्र नाहीं त्या सणास रजा कैसी?" मग दिवाणजींनीं डोकें खाजविलें आणि बोलिले, "अहो, नात आली ती नाताळ." मग ती नात लेकाची कीं लेकीची यावर चार दिवस गेले, आणि शास्त्रीबोवांनीं पोथ्या मागविल्या, आणि पोथ्यांत शब्द सांपडेना म्हणोन पोथ्याच खोट्या ठरविल्या. आम्ही लिहितां लिहितां मेटाकुटीस आलों. ज्याचा सण तो समोर उभा, त्यास पुसावें हें एकाही शहाण्यास सुचेना! हात टेकले.

अकराव्या दिवशीं सरकारस्वारीच कंटाळली आणि म्हणाली, "इनासा, तूंच सांग." इनास बोलिला, "म्हाराज, नाताळ म्हंजी जनम. फिरंगी बोलींतला सबुद हाय." आणि सभेनें माना डोलविल्या, आणि शास्त्रीबोवा "हेंच आमच्या मनांत होतें" म्हणोन शालजोडी घेते जाहले. मग सरकारस्वारीनें पुसिलें, "जन्म कोणाचा?"

"येशूचा, म्हाराज. आन माझ्या लेकीचाबी. काल सांगावा आला. बायको इचारती, ह्या खेपेलाबी तुमी कुठं हुतां?"

आम्हांस मान वर करवेना. मग शास्त्रीबोवांनीं शाल सांवरून नवी शंका काढिली कीं, जन्म तर होऊन गेला, आतां रजेस कारण काय उरलें? आणि सभा पुन्हा बैसली.

एणेंप्रमाणें नाताळ शब्दाचा निवाडा पक्का जाहला, आणि इनासाची लेक उपडी पडूं लागली, तरी बापानें अद्याप तिचें तोंड पाहिलें नाहीं.